परेड स्टेट: एनसीसी आतून कशी चालते

‘दाहिने’ आणि ‘मुड’ या दोन शब्दांच्या मध्ये क्षणभराची जागा सोडलेली असते. कवायतीचा हुकूम देणारा ‘दाहिनेऽऽ’ म्हणून थांबतो आणि मगच ‘मुड’ असं तोडून म्हणतो. पहिला भाग सूचनेचा, दुसरा कृतीचा. सूचना ऐकून हलायचं नाही. काय करायचं आहे ते मनात पक्कं करायचं आणि दुसरा शब्द कानावर पडला की सगळ्यांनी एकदम वळायचं. नव्या मुलांचं बिनसतं ते इथेच. निम्मी मुलं ‘दाहिने’ ऐकताच वळून मोकळी होतात, उरलेल्यांतली दोन-चार डावीकडे तोंड करून उभी राहतात. सैन्यातून आलेले हवालदार, ज्यांना मुलं ‘उस्ताद’ म्हणतात, ते ‘जैसे थे’ एवढंच म्हणतात. सगळे पूर्वीच्या जागी, आणि पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या महिन्यात हा ‘जैसे थे’ किती वेळा ऐकू येतो, याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

राष्ट्रीय छात्र सेना, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची एनसीसी, बाहेरच्यांना दिसते ती पंधरा ऑगस्टच्या संचलनात: खाकी गणवेश, चकचकीत बक्कल, टोपीवर लाल तुरा. ‘घाला पोराला एनसीसीत, शिस्त लागेल,’ असा सल्ला देणारे काका-मामा प्रत्येक घरात असतात. ही शिस्त लागते म्हणजे नेमकं काय होतं, कोणाच्या हातून होतं आणि कधी होत नाही, याची चौकशी मात्र फारशी कोणी करत नाही.

एनसीसीचा कायदा झाला १९४८ मध्ये. त्याआधी इंग्रजांच्या राजवटीत, १९१७ पासून, विद्यापीठांतल्या मुलांच्या सैनिकी तुकड्या होत्याच. त्यांचा हेतू सैन्यातली माणसांची उणीव भरून काढणं हा होता. १९४६ मध्ये पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, आणि तिच्या शिफारशींवरून शाळा-कॉलेजांसाठी देशभर एकच संघटना उभी राहिली. सुरुवात वीस हजार मुलांवर झाली. १९४९ मध्ये मुलींचा विभाग आला, १९५० मध्ये हवाई शाखा, १९५२ मध्ये नौदलाची. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत छात्रसैनिकांनी दारूगोळ्याच्या कारखान्यांना मदत केली, शत्रूचे छत्रीधारी सैनिक शोधण्यासाठी गस्तही घातली.

या इतिहासातला एक तुकडा मला बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. १९६२ चं चीनयुद्ध झालं आणि १९६३ मध्ये एनसीसी सक्तीची करण्यात आली. देश हादरलेला होता, तेव्हा निर्णय समजण्यासारखा आहे. पण पाच वर्षांत, १९६८ मध्ये, ती सक्ती मागे घ्यावी लागली आणि एनसीसी पुन्हा ऐच्छिक झाली. ज्यांना कवायत नको होती त्यांच्यासाठी राष्ट्रीय सेवा योजनेची, म्हणजे एनएसएसची वाट १९६९ मध्ये खुली झाली. आजही कोणी ना कोणी पुढारी दर दोन वर्षांनी ‘सर्व तरुणांना सक्तीचं सैनिकी शिक्षण’ असं भाषणात म्हणतो आणि टाळ्या घेतो. तो प्रयोग आपल्याकडे करून झालेला आहे, हे त्याला कोणी सांगत नाही.

आता रचना. सगळ्यांत वर दिल्लीत महासंचालक, लेफ्टनंट जनरल दर्जाचे. त्यांच्या हाताखाली देशभरात सतरा संचालनालयं. महाराष्ट्राचं मुंबईत आहे. गोवा मात्र कर्नाटकाबरोबर जोडलेला आहे. संचालनालयाखाली ग्रुप मुख्यालयं, त्यांच्याखाली बटालियन किंवा युनिट, आणि युनिटला जोडलेल्या शाळा-कॉलेजांतल्या तुकड्या. युनिटचा प्रमुख सैन्यातला कर्नल किंवा लेफ्टनंट कर्नल असतो. त्याच्याकडे सुभेदार, हवालदार असे ‘पीआय स्टाफ’ असतात, आणि ते शनिवारी-रविवारी गावोगावच्या मैदानांवर जाऊन शिकवतात.

पण या माणसांची दोन-तीन वर्षांत बदली होते. तुकडी टिकते ती एएनओमुळे, म्हणजे असोसिएट एनसीसी ऑफिसरमुळे. हा एएनओ त्याच शाळेतला किंवा कॉलेजातला शिक्षक असतो: सोमवारी वर्गात इतिहास किंवा रसायनशास्त्र शिकवणारा, शनिवारी गणवेश चढवून मैदानावर उभा राहणारा. या कामासाठी पुरुष शिक्षकांना नागपूरजवळ कामठीच्या अकादमीत आणि महिला शिक्षकांना ग्वाल्हेरला पाठवतात. चाळिशीतल्या मास्तरांना तिथे पहाटे उठून धावावं लागतं, स्वतःचे बूट पॉलिश करावे लागतात, आणि कवायत चुकली तर ‘जैसे थे’ ऐकावं लागतं. परत येतात तेव्हा त्यांना हुद्दा मिळालेला असतो. कॉलेजात लेफ्टनंट, शाळेत थर्ड ऑफिसर. मानधन म्हणाल तर नाव घेण्यासारखं नाही. एखाद्या कॉलेजची एनसीसी चांगली आहे असं ऐकलं तर पहिला प्रश्न हाच विचारावा, की तिथले एएनओ कोण आणि किती वर्षं आहेत. हाडाचा माणूस निवृत्त झाला की तीच तुकडी दोन वर्षांत ओळखू येईनाशी होते.

कवायत हा या शिक्षणाचा सगळ्यांत जास्त दिसणारा आणि सगळ्यांत कमी समजलेला भाग आहे. सावधानमध्ये टाचा जुळलेल्या, पंजे तीस अंशांच्या कोनात उघडे. विश्राममध्ये दोन पायांत बारा इंचांचं अंतर. तेज चालीत पाऊल तीस इंचांचं, मिनिटाला एकशेवीस. आजच्या लढाईत या कशाचाच उपयोग नाही, हे उस्तादांनाही ठाऊक असतं. उपयोग वेगळ्याच ठिकाणी होतो. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला स्वतःचं शरीर कुठे आहे याचा पत्ता नसतो. हात लोंबतात, मान एकीकडे, नजर जमिनीवर. कवायतीत त्याला पहिल्यांदाच आपली हनुवटी, आपली मूठ, आपला डावा खांदा यांच्याकडे लक्ष द्यावं लागतं, आणि त्याच वेळी शेजारच्याची रांग डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहावी लागते. आपण चुकलो तर सगळी ओळ मोडते, हे तिथे कोणी समजावून सांगत नाही, ते दिसतंच.

एवढ्यावर थांबलं असतं तर ती नुसती आज्ञाधारकपणाची तालीम झाली असती, आणि माझ्या मते बऱ्याच लोकांची एनसीसीबद्दलची कल्पना इथेच थांबते. खरं काम सुरू होतं ते हुकूम ऐकणाऱ्याला हुकूम द्यायला उभं करतात तेव्हा.

‘कमांड प्रॅक्टिस’ नावाचा प्रकार पाहण्यासारखा असतो. मैदानाच्या दोन टोकांना समोरासमोर दोन रांगा उभ्या करतात. एका रांगेतल्या प्रत्येकाने पलीकडच्या आपल्या जोडीदाराला हुकूम द्यायचे, आणि त्याने ते पाळायचे. एकाच वेळी पंचवीस जण ओरडत असतात, त्यामुळे पुटपुटून भागत नाही. घशातून ओरडणाऱ्याचा आवाज पंधरा मिनिटांत बसतो. आवाज पोटातून काढायचा हे मग ज्याचं त्याला कळतं. वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारी मुलगी तिसऱ्या-चौथ्या परेडला शंभर पावलांवरच्या मैत्रिणीला ‘पीछे मुड’ करायला लावते, आणि ती मुडते! त्या मुलीच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उमटतं, ते व्यक्तिमत्त्व विकासाच्या व्याख्यानांनी आलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

मग हुद्दे येतात. शाळेच्या ज्युनियर डिव्हिजनमध्ये कॅडेटपासून लान्स कॉर्पोरल, कॉर्पोरल, सार्जंट असं चढत कंपनी सार्जंट मेजरपर्यंत. कॉलेजच्या सिनियर डिव्हिजनमध्ये त्याहून वर ज्युनियर अंडर ऑफिसर आणि सगळ्यांत वर सिनियर अंडर ऑफिसर, बोलण्यात नुसता ‘एसयूओ’. हे हुद्दे खांद्यावर किंवा बाहीवर मिरवायचे असले तरी प्रत्येकामागे काम आहे. सीक्यूएमएस, म्हणजे कंपनी क्वार्टरमास्टर सार्जंट, हा सामानाचा मालक: किती पट्टे दिले, किती परत आले, कोणाच्या टोपीचा तुरा हरवला, याची वही त्याच्याकडे. वही जुळली नाही तर उत्तर त्यानेच द्यायचं. एसयूओने परेडच्या सुरुवातीला ‘परेड स्टेट’ द्यायचा. एकूण इतके, हजर इतके, रजेवर इतके, गैरहजर इतके.

ऐकायला हा चार आकड्यांचा अहवाल आहे. पण ते आकडे खरे असायला हवेत, आणि एएनओ पुढे विचारणारच: ‘गैरहजर तिघं कोण? का?’ त्या प्रश्नाचं उत्तर ‘माहीत नाही सर’ असं देऊन चालत नाही. म्हणून एसयूओ शुक्रवारी रात्री फोन फिरवतो. एकाचे वडील आजारी आहेत, एक आठवड्याच्या शेवटी दुकानात कामाला लागलाय, तिसरा कंटाळलाय. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला पन्नासेक बरोबरीच्या मुलांची घरची परिस्थिती माहीत असणं, ही गोष्ट कॉलेजच्या दुसऱ्या कुठल्या उपक्रमात सहजासहजी घडत नाही. मैदानावर ज्यांना ‘सर’ म्हणायचं त्यांनाच कँटीनमध्ये ‘अरे, वडापाव सांग ना’ म्हणायचं, ही कसरतही पहिल्या वर्षाची मुलं लवकर शिकतात. आणि तिसरं वर्ष संपलं की एसयूओला आपली जागा मागच्याला द्यावी लागते. हुद्दा कायमचा नाही, हेही शिक्षणातच आलं.

रायफलीचं आकर्षण सगळ्यांना असतं. छात्रसैनिकांची रायफल ‘पॉइंट टू टू’, म्हणजे .२२ बोअरची; लक्ष्य पंचवीस मीटरांवर. सिनेमातल्यासारखं काही घडत नाही. गोळी हातात पडण्याआधी आठवडेच्या आठवडे रिकामी रायफल खोलणं, जोडणं, साफ करणं, भाग ओळखणं चालतं. प्रत्यक्ष फायरिंगच्या दिवशी रेंजवर लाल झेंडा लागतो आणि बोलणं बंद होतं. चटईवर पालथं पडायचं, पाय फाकवायचे, दस्ता खांद्यात घट्ट दाबायचा. मागच्या खाचेतून पुढचं टोक, त्या टोकावर लक्ष्य, श्वास अर्धा सोडून धरायचा आणि घोडा झटका न देता दाबत न्यायचा. पाच गोळ्या मध्यभागी लागल्या की नाही यापेक्षा त्या एकमेकींजवळ लागल्या की नाही, हे आधी पाहतात. याला ‘ग्रुपिंग’ म्हणतात. पाचही गोळ्या कोपऱ्यात पण रुपयाएवढ्या जागेत असल्या तर उस्ताद खूश होतात, कारण हात स्थिर आहे, नेम नंतर सुधारता येतो. चारी दिशांना विखुरलेल्या गोळ्यांतली एखादी मध्यभागी असली तर तिचं कौतुक होत नाही.

गोळ्या संपल्यावर रिकामी खोकी, म्हणजे उडालेल्या काडतुसांच्या पुंगळ्या, मोजून परत द्यायची. जितक्या गोळ्या दिल्या तितकी खोकी जमेपर्यंत रेंजवरून कोणी हलत नाही. एक खोकं गवतात हरवलं की तीस-चाळीस मुलं ओणवी होऊन गवत चाळतात. जबाबदारी या शब्दावर तासभर बोलण्यापेक्षा हा अर्धा तास जास्त लक्षात राहतो.

वर्षातून एकदा कॅम्प. दहा दिवसांचा, बहुधा सुट्टीत रिकामं झालेलं एखादं कॉलेज किंवा आश्रमशाळा पाहून भरवलेला. वेगवेगळ्या शाळा-कॉलेजांतली मुलं मिसळून त्यांच्या अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा अशा कंपन्या करतात. पहाटे उठणं, पीटी, नाश्ता, कवायत, शस्त्रं, नकाशावाचन, जेवण, खेळ, रात्रीचा रोल कॉल आणि दिवे बंद. मधल्या वेळात ‘फटीग’, म्हणजे भांडी, झाडलोट, पाण्याचे ड्रम. दिवसभर मोबाइल नाही. पहिल्या दोन रात्री काही मुलं पांघरुणात रडतात. चौथ्या दिवशी तीच मुलं मेसच्या डाळीवरून विनोद करत असतात.

‘लाइन एरिया’ची स्पर्धा असते. प्रत्येक कंपनीच्या खोल्यांची तपासणी होते: वळकट्या एका रेषेत, बूट एका रेषेत, मग एका रेषेत, सगळ्या मगांचे कान एकाच बाजूला. मुलं सुतळी ताणून मग लावतात. घरी स्वतःचं ताट न उचलणारा मुलगा इथे दुसऱ्याच्या चादरीची घडी दोनदा करतो, कारण तपासणीत गुण कंपनीला मिळतात, त्याला एकट्याला नाही. घरी परतल्यावर ही सवय किती टिकते? आयांना विचारलं तर आठवडाभर, फार तर पंधरा दिवस. मला हे उत्तर प्रामाणिक वाटतं. वळकटीची घडी टिकत नाही. टिकतं ते बहुतेक वेळा एवढंच, की अनोळखी पंचवीस जणांत नेऊन सोडलं तरी आपलं निभतं, हे एकदा अनुभवाला आलेलं असतं. कोल्हापूरचा मुलगा मणिपूरच्या मुलाबरोबर एका खोलीत राहावा म्हणून राज्यांची सरमिसळ करणारे कॅम्पही असतात. तिथे हिंदी मोडकी असली तरी चालून जाते.

सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो तो मात्र जानेवारीतला दिल्लीचा कॅम्प, ‘आरडीसी’. युनिट, ग्रुप, संचालनालय अशा चाळण्यांतून जाऊन मोजकी मुलं दिल्ली छावणीतल्या करिअप्पा मैदानावर पोचतात. महिनाअखेरीला पंतप्रधानांसमोर संचलन होतं आणि सर्वोत्कृष्ट संचालनालयाला पंतप्रधानांचा ध्वज मिळतो. महाराष्ट्राने तो २०२२, २०२३ आणि २०२४ असा लागोपाठ जिंकला. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण आरडीसीला गेलेल्यांवरून एनसीसीचं मोजमाप करणं म्हणजे आयपीएल पाहून गल्लीतल्या क्रिकेटचा अंदाज बांधणं झालं. बाकीच्या लाखो मुलांचं शिक्षण शनिवारच्या मैदानावरच होतं, किंवा होत नाही.

‘होत नाही’बद्दलही बोललं पाहिजे. ऑगस्ट २०२३ मध्ये ठाण्यातल्या एका महाविद्यालयाच्या आवारातला व्हिडिओ सगळीकडे फिरला. भर पावसात, चिखलपाण्यात मुलं डोकं जमिनीला टेकवून ओणवी आहेत आणि त्यांचाच वरिष्ठ विद्यार्थी मागून काठीने मारतो आहे. पाहून लोक हादरले. काही जणांनी मात्र ‘सैन्यात असंच असतं, त्याशिवाय कणखर कसे होणार’ अशी भलामणही केली. हे म्हणणं सपशेल चुकीचं आहे. मारहाण एनसीसीच्या कोणत्याही अभ्यासक्रमात बसत नाही.

पण हा प्रकार कुठून उगवतो ते समजून घ्यायला हवं, कारण मूळ त्याच व्यवस्थेत आहे जिचं मी आतापर्यंत कौतुक केलं. मुलाच्या हाती मुलं सोपवायची हे या शिक्षणाचं बळ. आणि त्या वेळी मोठं माणूस मैदानावर नसेल तर तोच त्याचा धोका. चुकलेल्याला मैदानाला एक फेरी मारायला लावणं, दहा जोर काढायला लावणं, हे उस्तादांच्या नजरेसमोर होतं तोवर त्याला मर्यादा असते. नजर हटली की ‘रगडा’ सुरू होतो. गेल्या वर्षी आपल्याला रगडलं, आता आपली पाळी, हा हिशेब कॉलेजच्या वसतिगृहांतल्या रॅगिंगपेक्षा वेगळा नाही. म्हणून पालकांनी शिस्त किती कडक आहे हे विचारण्यापेक्षा, परेडच्या वेळी एएनओ किंवा पीआय स्टाफ मैदानावर पूर्ण वेळ असतात का, हे विचारावं. उत्तर टाळाटाळीचं आलं तर काय समजायचं ते समजावं.

प्रमाणपत्रांचा हिशेब सोपा आहे. शाळेत दोन वर्षं पूर्ण केली की ‘ए’ची परीक्षा. कॉलेजात दुसऱ्या वर्षाअखेर ‘बी’, तिसऱ्या वर्षाअखेर ‘सी’. परीक्षेला बसायचं तर पंचाहत्तर टक्के हजेरी आणि कॅम्प झालेले असावे लागतात. लेखी असतेच, पण कवायत, शस्त्र आणि नकाशा यांची प्रात्यक्षिकं जास्त घाम काढतात. नकाशावर सहा आकडी ग्रिड संदर्भ देऊन शंभर मीटरच्या आत जागा दाखवायची म्हटल्यावर, गूगलवर निळा ठिपका पाहून वाढलेल्या पिढीची तारांबळ उडते. ‘सी’ प्रमाणपत्रात किमान ‘बी’ श्रेणी आणि पदवीला पन्नास टक्के गुण असले, तर सैन्याच्या एनसीसी स्पेशल एंट्रीला लेखी परीक्षा न देता अर्ज करता येतो. निवड झाली तर थेट एसएसबीची मुलाखत. भरतीतही प्रमाणपत्राचे जादा गुण मिळतात. २०२१ मध्ये यूजीसीने विद्यापीठांना एनसीसी हा श्रेयांकांसह ऐच्छिक विषय म्हणून देण्यास सांगितलं. सोय चांगली आहे, पण श्रेयांकासाठी आलेली मुलं आणि मैदानासाठी आलेली मुलं यांत उस्तादांना फरक करावा लागेल.

एनसीसीत गेलं म्हणजे सैन्यात जावं लागेल, अशी भीती अजूनही काही घरांत असते. तसं बंधन नाही. प्रत्यक्ष सैनिकी सेवेची सक्ती छात्रसैनिकावर करता येत नाही, हे कायद्यातच आहे. बहुसंख्य मुलं बँकेत, शाळांत, कंपन्यांत, शेतीत, दुकानांत जातात.

नाव घालायचं असेल तर वर्ष सुरू होताच, जून-जुलैमध्ये सूचनाफलकावर लक्ष ठेवावं. ज्युनियर डिव्हिजनला साधारण आठवी-नववीत घेतात. कॉलेजात अकरावीपासून किंवा पदवीच्या पहिल्या वर्षी. धावणं, थोडी लेखी चाचणी, उंची-वजन आणि मुलाखत होते. जागा मोजक्या आणि उमेदवार दुप्पट-तिप्पट, असं चांगल्या तुकड्यांत चित्र असतं. २०२४ मध्ये केंद्राने आणखी तीन लाख छात्रसैनिक वाढवायला मंजुरी दिली, त्यामुळे मंजूर संख्या वीस लाखांवर गेली. तरीही ज्या शाळेत तुकडीच नाही तिथल्या मुलांना याचा उपयोग नाही. तुकडी मिळण्यासाठी शाळेला युनिटकडे अर्ज करावा लागतो, मैदान दाखवावं लागतं आणि कामठीला किंवा ग्वाल्हेरला जायला तयार असलेल्या एका शिक्षकाचं किंवा शिक्षिकेचं नाव द्यावं लागतं. अर्ज आणि मैदान जमतं. नावाचा रकाना भरायला वेळ लागतो.